वकीलपत्र आणि विवेकबुद्धि

आपल्या मध्यम वर्गांत असें घर क्वचितच सांपडेल कीं ज्याच्या गोतावळ्यांत दोन पिढ्यांत कोणीच वकील झाला नाहीं. आणि तरीही वकिलीविषयीं आपल्या मनांत एक चमत्कारिक दुजाभाव आहे. मुलगा सनद घेऊन घरीं आला म्हणजे पेढे वांटावयाचे, आणि त्याच तोंडानें, शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असेंही म्हणावयाचें! या दुजाभावाच्या मुळाशीं एक खरा नैतिक प्रश्न आहे. आम्ही वर्गांत इंग्रजी निबंधकार शिकवीत असतां कोणी ना कोणी विद्यार्थी तो दर वर्षीं विचारतोच: जी बाजू अन्यायाची आहे असें वकिलाला स्वतःला वाटतें, ती त्यानें फी घेऊन मांडावी काय?

इंग्रजी वाङ्मयांत या प्रश्नाचीं उत्तरें जणूं ठरून गेलेलीं आहेत. डॉ. जॉन्सनचें बॉझवेलला उत्तर असें कीं, खटला वाईट आहे हें न्यायाधीशानें निकाल देईपर्यंत वकिलाला कळणार तरी कसें? हेन्री ब्रूमनें १८२० सालीं राणी कॅरोलाइनची बाजू मांडतांना याच्याही पुढची पायरी गांठली. वकिलानें जगांत आपल्या अशिलावांचून दुसरें माणूस ओळखूं नये, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. मेकॉलेनें १८३७ सालच्या बेकनवरील निबंधांत उलट सवाल टाकला, कीं वकिली पोशाख अंगावर चढविल्यानें नीतीचे नियम बदलतात हें कोणत्या शास्त्रांत लिहिलें आहे? हीं तिन्ही उत्तरें परीक्षेला पुरतात. परंतु कोणी एक जिवंत मनुष्य एका ठराविक दिवशीं एका ठराविक कोर्टांत उभा केल्यावांचून अशा प्रश्नाचें वजन हाताला लागत नाहीं. म्हणून ज्याच्या प्रामाणिकपणाविषयीं मित्रांना तर नाहींच, पण शत्रूंनाही फारशी शंका नव्हती, असा एक वकील आम्ही येथें विचारासाठीं घेत आहों.

अब्राहाम लिंकन म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें गुलामांचा मुक्तिदाता उभा राहतो. अमेरिकेंतील ज्या सज्जनांनीं गुलामांच्या मुक्ततेसाठीं स्वार्थत्याग केला त्यांना जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपली 'गुलामगिरी' अर्पण केली. तेव्हां त्या लढ्याचा आदर महाराष्ट्रांत कांहीं नवा नाहीं. पण अध्यक्ष होण्यापूर्वीं हा मनुष्य सुमारें पंचवीस वर्षें एका नव्यानें वसलेल्या मुलखांत वकिली करीत होता, आणि त्यांतलीं पहिलीं कांहीं वर्षें इलिनॉय राज्याच्या कायदेमंडळाचा सभासदही होता, ही गोष्ट आपण एका वाक्यांत उरकून टाकतों. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें तेंच त्याच्या चरित्रांतलें सर्वांत मोलाचें प्रकरण आहे.

त्याचा जन्म १८०९ सालीं केंटकी राज्यांत ओंडक्यांच्या एका झोंपडींत झाला. सातव्या वर्षीं बापाबरोबर इंडियाना, एकविसाव्या वर्षीं इलिनॉय. वसाहतीची कड जसजशी पश्चिमेकडे सरकत गेली तसतसें हें कुटुंबही सरकत गेलें. शाळेंत गेलेले सारे दिवस एकत्र केले तरी पुरतें एक वर्ष भरत नाहीं. न्यू सेलम नांवाच्या लहानशा खेड्यांत त्यानें भागीदारींत दुकान काढून पाहिलें. दुकान बुडालें, कर्ज मात्र राहिलें, आणि तें फेडण्यास त्याला कित्येक वर्षें लागलीं. मग पोस्टमास्तरकी झाली, जमिनीची मोजणी झाली, आणि हें सर्व चालू असतां उसनीं आणलेलीं कायद्याचीं पुस्तकें वाचणेंही झालें. त्या मुलखांत वकील होण्यास कॉलेज लागत नसे. ब्लॅक्स्टन वाचलेला असावा आणि चालचलणूक बरी असावी, म्हणजे काम भागे. १८३६ च्या सप्टेंबरांत त्याला सनद मिळाली, आणि पुढल्या वर्षीं स्प्रिंगफील्ड गांवीं जॉन स्टुअर्ट या वकिलाच्या भागींत तो कामाला लागला.

तेथील वकिलीची रीत वाचकांनीं ध्यानांत घ्यावी, कारण पुढच्या गोष्टीशीं तिचा संबंध आहे. वर्षांतून दोनदां, वसंतांत आणि शरदांत, न्यायाधीश आणि त्याच्या पाठोपाठ वकिलांची टोळी घोड्यावर किंवा बग्गींत चिखल तुडवीत परगण्यामागून परगणा हिंडत असे. सर्वांचा उतारा एकाच खाणावळींत. कित्येकदां दोन दोन वकील एका बिछान्यावर. अशील कोर्टाच्या दारांतच गांठ घेई. सकाळीं वकीलपत्र, दुपारीं सुनावणी, संध्याकाळीं दोन्ही पक्षांचे वकील शेकोटीभोवतीं गोष्टी सांगत बसलेले! फी पांच-दहा डॉलर. आजच्या संशोधकांनीं लिंकनच्या कामाचे पांच हजारांहून अधिक खटले कागदोपत्रीं शोधून काढले आहेत. त्यांत देण्याघेण्याच्या वसुलीच्या दाव्यांचा भरणा फार मोठा आहे. आज सावकाराच्या बाजूनें, तर उद्यां कर्जदाराच्या. १८५३ सालीं इलिनॉय सेंट्रल रेल्वेवर परगण्यांना कर बसवितां येतो कीं नाहीं असा वाद निघाला, तेव्हां त्यानें परगण्याकडे आधीं विचारणा केली, आणि शेवटीं वकीलपत्र घेतलें तें रेल्वेचें. यांत कोणालाही कांहीं गैर वाटलें नाहीं, आणि आम्हांसही वाटत नाहीं. कर कोणीं कोणाला द्यावा या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सभ्य गृहस्थानें निर्मळ मनानें मांडाव्या अशाच असतात.

आतां कायदेमंडळाकडे वळूं. १८३२ सालीं लिंकन निवडणुकींत पडला, १८३४ सालीं निवडून आला, आणि तेथून लागोपाठ चार वेळां निवडून येत राहिला. त्याच्या त्या काळच्या कारकिर्दींत फारसें गौरवास्पद कांहीं नाहीं, हें स्पष्ट सांगितलेलें बरें. सँगामन परगण्याचे नऊ प्रतिनिधि, सगळेच ताडमाड उंच, यांनीं राज्याची राजधानी व्हँडेलियाहून आपल्या स्प्रिंगफील्डला आणण्याचा चंग बांधला. रस्ते, कालवे आणि लोहमार्ग यांसाठीं एक कोटि डॉलरांहून मोठी योजना याच सुमारास मंजूर झाली, आणि एकानें दुसऱ्याच्या कालव्याला मत द्यावें, दुसऱ्यानें पहिल्याच्या राजधानीला, असा व्यवहार चालला होता अशी टीका तेव्हांपासून होत आली आहे. त्याच वर्षीं बाजार कोसळला. कालवे अर्धवट राहिले आणि राज्य कर्जांत बुडालें.

परंतु याच १८३७ सालीं त्यानें एक गोष्ट केली, ती मात्र लहान नव्हे. गुलामगिरीविरुद्ध चळवळ करणाऱ्या मंडळ्यांचा धिक्कार करणारे ठराव जानेवारींत प्रतिनिधिसभेनें ७७ विरुद्ध ६ मतांनीं संमत केले. विरुद्ध मत देणाऱ्या सहांत लिंकन होता. ३ मार्च रोजीं त्यानें आणि डॅन स्टोन या सहकाऱ्यानें मिळून एक लेखी निषेध दप्तरीं दाखल केला. गुलामगिरीची संस्था अन्यायावर आणि अहितकर धोरणावर उभी आहे, असें त्यांत स्वच्छ म्हटलें होतें. अर्थात् त्याच कागदांत चळवळवाल्यांच्या उपदेशानें रोग बरा होण्याऐवजीं वाढतो अशीही पुस्ती होती. तथापि अठ्ठाविसाव्या वर्षीं, असल्या सभेंत, आपलें नांव असल्या कागदाखालीं घालणें हें धैर्याचेंच काम होतें. फक्त तारखांकडे थोडें लक्ष द्यावें. ठराव जानेवारींतला, निषेध मार्चमधला. मध्यें २८ फेब्रुवारीला राजधानीचा प्रश्न मतास पडून स्प्रिंगफील्डच्या पदरांत पडला होता. ज्यांचीं मतें हवीं होतीं त्यांना दुखविण्याचा प्रसंग त्यानें काम उरकेपर्यंत लांबविला, असें अनुमान करणें अन्यायाचें होईल असें आम्हांस वाटत नाहीं.

इलिनॉय हें नांवाला स्वतंत्र राज्य होतें. १७८७ च्या वटहुकुमानें त्या सर्व प्रदेशांत गुलामगिरीला बंदी होती. पण प्रत्यक्षांत कृष्णवर्णी मनुष्याला आपण स्वतंत्र असल्याचा दाखला जवळ बाळगावा लागे. तो नसला तर पळून आलेला गुलाम समजून त्याला अटकेंत ठेवीत आणि मजुरीवर लावून देत. शेजारचें केंटकी राज्य तर गुलामांचेंच. अशा ठिकाणीं वकिलापुढें कसले खटले येत असतील याची कल्पना करतां येईल. १८४१ सालीं लिंकननें राज्याच्या वरिष्ठ न्यायालयांत असा एक खटला जिंकला. नान्स नांवाच्या एका कृष्णवर्णी मुलीच्या विक्रीबद्दल लिहून दिलेल्या वचनचिठ्ठीचे पैसे विकणाऱ्याच्या वारसांनीं मागितले होते. या राज्यांत प्रत्येक मनुष्य स्वतंत्र आहे असेंच कायद्यानें गृहीत धरलें पाहिजे, आणि स्वतंत्र मनुष्याची विक्री होऊं शकत नाहीं, म्हणून चिठ्ठी रद्द, असा निकाल लागला; आणि त्याबरोबर नान्सचें स्वातंत्र्यही शाबीत झालें. चरित्रकार ही हकीकत मोठ्या अभिमानानें सांगतात. मात्र येथें लिंकनचा अशील नान्स नव्हती. पैसे देण्याचें नाकारणारा गोरा खरेदीदार हा त्याचा अशील होता.

सहा वर्षांनीं, १८४७ च्या शरदांत, कोल्स परगण्यांतील चार्ल्स्टन गांवीं दुसरा खटला उभा राहिला. रॉबर्ट मॅट्सन हा केंटकीचा जमीनदार; त्याची इलिनॉयमध्यें एक शेती होती. शेतीच्या कामाला तो केंटकीहून गुलाम आणी, हंगाम संपला कीं परत नेई, आणि पुढल्या हंगामाला दुसरे आणी. कोणीही गुलाम स्वतंत्र भूमीवर फार दिवस राहूं नये, म्हणजे कायद्याचा फांस लागणार नाहीं, अशी ही युक्ति. त्याचा मुकादम अँथनी ब्रायंट हा मात्र कायमचा तेथें राही. तो स्वतंत्र झालेला होता. त्याची बायको जेन आणि मुलें मॅट्सनच्या मालकीचीं. हीं मायलेंकरें येऊन दोन वर्षें झालीं. मग मॅट्सनचें घर चालविणारी बाई एके दिवशीं जेनवर रागावली, आणि तुला आणि तुझ्या पोरांना दक्षिणेंत कापसाच्या मळ्यांवर विकायला लावतें अशी धमकी तिनें दिली. ब्रायंट रातोरात बायकामुलांना घेऊन निघाला आणि जवळच्या गांवीं दोघां गृहस्थांच्या आश्रयाला गेला. एक खाणावळवाला गिडियन अ‍ॅश्मोर, दुसरा डॉक्टर हायरम रदरफर्ड. मॅट्सननें कायद्याचा आधार घेऊन जेन आणि मुलांना चार्ल्स्टनच्या तुरुंगांत टाकविलें, आणि या दोघां गृहस्थांवर नुकसानभरपाईचा दावा लावला.

डॉक्टर रदरफर्ड लिंकनला ओळखत होता आणि गुलामगिरीविषयीं त्याचें मत जाणून होता. त्यानें वृद्धपणीं सांगितलेली हकीकत अशी कीं, आपली बाजू घ्यावी म्हणून तो लिंकनला भेटला, तेव्हां लिंकन खिन्न झाला. मॅट्सनच्या वतीनें आपल्याकडे आधींच बोलणें झालें आहे, त्यांतून सुटका झाल्यावांचून मला तुमचें काम घेतां येणार नाहीं, असें तो म्हणाला. नंतर, मी आतां मोकळा आहें, असा निरोपही त्यानें पाठविला म्हणे. पण डॉक्टराच्या मनाला तें लागलें होतें आणि त्यानें चार्ल्स कॉन्स्टेबल या दुसऱ्या वकिलाला काम दिलें. १६ ऑक्टोबर रोजीं राज्याचे मुख्य न्यायाधीश विल्सन आणि न्यायाधीश ट्रीट यांच्यापुढें सुनावणी झाली. ब्रायंट कुटुंबाच्या बाजूला ऑर्लँडो फिकलिन आणि कॉन्स्टेबल. मॅट्सनच्या बाजूला अशर लिंडर आणि अब्राहाम लिंकन.

लिंकनचा मुद्दा कायद्याच्या दृष्टीनें पोकळ नव्हता. गुलाम घेऊन राज्यांतून केवळ जाणारायेणारा मालक आपला हक्क गमावीत नाहीं, असें याच राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें १८४३ सालीं म्हटलें होतें. हीं माणसें येथें वस्तीला आणलेलीं नसून हंगामापुरतीं आणलेलीं आहेत, एवढेंच त्याला शाबीत करावयाचें होतें. न्यायाधीशांनीं तें मानलें नाहीं. जेन आणि तिचीं मुलें स्वतंत्र ठरलीं. मॅट्सन केंटकीला निघून गेला, आणि जातांना लिंकनची फीही त्यानें बुडविली असें सांगतात. ब्रायंट कुटुंब पुढें आफ्रिकेंत लायबेरियाला गेलें.

लिंकनच्या भक्तांना ही गोष्ट फार अडचणीची वाटते. त्यांतल्या कांहींनीं असा बचाव काढला आहे कीं, त्याचें मन त्या कामांत नव्हतें म्हणून त्यानें बाजू मुद्दामच ढिली मांडली. हा बचाव आम्हांस आरोपाहून वाईट वाटतो. ज्याचें वकीलपत्र घेतलें त्याला आंतून बुडविणारा वकील न्यायाचा मित्र नव्हे. तो दोन्ही पक्षांना फसवितो. मॅट्सन दुष्ट असला तरी त्यानें विकत घेतली होती ती वकिली, वकिलीचें सोंग नव्हे. लिंकननें असें कांहीं केलें याला पुरावाही नाहीं.

दुसरा बचाव भारदस्त आहे: प्रत्येकाला वकील मिळाला पाहिजे. याला उत्तर शोधतांना आम्हांस लिंकनचाच एक दुसरा खटला आठवतो. १८५८ सालीं न्यू सेलमच्या जुन्या स्नेह्यांच्या मुलावर, डफ आर्मस्ट्राँगवर, खुनाचा खटला चालला. रात्रीं अकराच्या सुमारास चांदण्यांत मीं डोळ्यांनीं मार पाहिला, असें साक्षीदार छातीठोकपणें सांगे. लिंकननें पंचांग मागवून त्या रात्रीं चंद्र त्या वेळीं मावळतीला टेकला होता हें ज्यूरीला दाखविलें, आणि पोरगा सुटला. आईकडून एक पैही घेतली नाहीं. आतां हा पोरगा खरोखर निर्दोष होता काय? कोण जाणे! पण तो दोषी असता तरी त्याची बाजू मांडण्यांत आम्ही लिंकनला बोल लावला नसता, कारण तेथें एका बाजूला सगळें सरकार आणि फांसाचा दोर, आणि दुसऱ्या बाजूला एकटा मनुष्य होता. चार्ल्स्टनच्या कोर्टांत कोण एकटें होतें? तुरुंगांत कोण होतें? मॅट्सन हरला तर त्याच्या मिळकतीचा एक हिस्सा जाणार होता. जेन हरली तर ती आणि तिचीं मुलें लिलांवाच्या ओट्यावर वेगवेगळ्या हातांत जाणार होतीं, आणि न्यायाधीशाची चूक पुढें कधीं कोणाच्या लक्षांत आली असती तरी अपील करावयास ती कापसाच्या मळ्यांतून परत येणार नव्हती. डॉ. जॉन्सनचें म्हणणें, कीं निकालापूर्वीं न्याय कोठें आहे हें वकिलाला कळत नाहीं, तें देण्याघेण्याच्या दाव्याला चालेल. येथें न कळण्यासारखें काय होतें? लिंकननें तर दहा वर्षांपूर्वींच, आपल्या सहीनिशीं, तें राज्याच्या दप्तरांत लिहून ठेवलें होतें.

येथपर्यंत मेकॉलेचा पक्ष सरळ जिंकतो असें वाटेल. पण एक गोष्ट आम्हांस अडविते. ब्रायंट कुटुंबाला ज्यांनीं सोडविलें ते फिकलिन आणि कॉन्स्टेबल हे दोघेही गुलामगिरीविरोधी चळवळींतले नव्हते. त्या भागांत चळवळवाल्यांविषयीं इतका तिरस्कार होता कीं, आपल्याला जी बाजू पसंत तीच घ्यावी असा नियम सर्व वकिलांनीं पाळला असता, तर खाणावळवाल्याला, डॉक्टराला आणि त्या मायलेंकरांना वकीलच मिळाला नसता. ज्या व्यावसायिक उदासीनतेनें लिंकन मॅट्सनच्या बाजूला गेला, तिनेंच त्याच्या प्रतिपक्षाला जेनच्या बाजूला आणलें. वकिलीचा धंदा म्हणून विचार करतां ही उदासीनता समाजाला हितकर आहे, हें नाकारतां येत नाहीं. आणि जे लोक वकिलांना सरसकट भाडोत्री म्हणतात त्यांनीं हा प्रसंग पुन्हां एकदां वाचावा.

तेव्हां आम्ही प्रश्नाचे दोन भाग करतों. धंद्याचा नियम असा असावा कीं कोणीही मनुष्य वकिलावांचून राहूं नये. परंतु हा नियम सगळ्या वकिलांवर मिळून असलेलें ऋण आहे. तें अमक्यानेंच अमक्याचें फेडावें असें तो सांगत नाहीं. मॅट्सनजवळ लिंडर होता. लिंकन नसता तर तो उघडा पडला नसता. इंग्लंडांतील बॅरिस्टरांप्रमाणें येईल तें काम घेण्याचें बंधनही त्या मुलखांतल्या वकिलावर नव्हतें. आधीं बोलणें झालें होतें, ही सबब उरते. शब्दाला जागणें चांगलें. पण डॉक्टराची हकीकत खरी असेल तर तो शब्द मागें घेतां येण्यासारखा होता, आणि मागें घेतल्यानंतरही, दुसऱ्या बाजूनें नको म्हटल्यावर, लिंकन पुन्हां मॅट्सनच्याच बाकावर जाऊन बसला. येथें धंद्याचा नियम त्याला ढकलीत नव्हता. जाण्याचें त्यानें स्वतः ठरविलें, आणि आपण कांहीं ठरवीत आहों याची जाणीव त्याला झाली होती असें दिसत नाहीं.

आम्हांस यांत ढोंग दिसत नाहीं. पुढें त्यानें तरुण वकिलांसाठीं टिपणें काढलीं. लोकांना भांडणांपासून परावृत्त करा, आणि प्रामाणिक राहून वकिली जमत नसेल तर वकिली सोडा, असा त्यांचा मथितार्थ आहे. हीं टिपणें लिहिणारा मनुष्य आणि मॅट्सनचा वकील एकच, आणि दोन्ही खरे. चांगल्या मनुष्याच्या विवेकबुद्धीलाही खोल्या असतात. एका खोलींतली वस्तु दुसरींत नेण्याची गरज त्याला कित्येक वर्षें भासत नाहीं. कायदेमंडळांत गुलामगिरी हें मत होतें, कोर्टांत ती मिळकत होती, आणि सकाळसंध्याकाळ खाणावळींत भेटणाऱ्या सोबत्यांशीं संबंध बिघडूं न देतां दोन्हीकडे वावरतां येत होतें. १८३७ सालीं आधीं राजधानी आणि मग निषेध. १८४७ सालीं आधीं वकीलपत्र आणि मग खेद. आपल्या ओळखीच्या कित्येक सज्जन वकिलांचें, अंमलदारांचें, आणि कां म्हणूं नये, प्राध्यापकांचेंही असेंच चाललेलें असतें.

मॅट्सनच्या खटल्याचा निकाल लागला तो महिना संपण्यापूर्वींच लिंकन काँग्रेसचा सभासद म्हणून वॉशिंग्टनला निघाला. तेथें १८४९ च्या जानेवारींत त्यानें राजधानीच्या प्रदेशांतील गुलामगिरी क्रमाक्रमानें, मालकांना मोबदला देऊन आणि तेथील मतदारांच्या संमतीनें, बंद करावी असा मसुदा तयार केला. मसुदा पुढें कधीं मांडला गेला नाहीं. त्यांत एक कलम असें होतें कीं, बाहेरून पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकांच्या स्वाधीन करण्याची तजवीज शहराच्या अधिकाऱ्यांनीं करावी. १८६० सालीं लिंकन अध्यक्षपदासाठीं उभा राहिला तेव्हां वेंडेल फिलिप्स या प्रसिद्ध चळवळवाल्यानें तेंच कलम उकरून काढलें आणि त्याला गुलामांच्या मागावरचा इलिनॉयचा कुत्रा म्हटलें. शिवी कडक होती, पण कागद खोटा नव्हता. १६ एप्रिल १८६२ रोजीं त्याच प्रदेशांतील गुलामगिरी एका झटक्यासरशीं बंद करणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष लिंकननें सही केली. चार्ल्स्टनच्या कोर्टांत त्याच्याविरुद्ध निकाल मिळवून जेन ब्रायंट आणि तिचीं मुलें सुटल्याला तेव्हां साडेचौदा वर्षें झालीं होतीं.